हायड्रोलॅस्टिक मिनीचा गळका होज पुण्यातच कसा दुरुस्त करून घ्यायचा

जुनी मिनी किंवा मॉरिस ११०० (दोन्ही ब्रिटिश गाड्या) एका अंगाला बसली, पुढचं-मागचं दोन्ही चाक मडगार्डमध्ये शिरल्यासारखं दिसायला लागलं की बहुतेक मेकॅनिक एकच सल्ला देतात, हे पाण्याचं, म्हणजे हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन काढून टाका आणि रबर कोन (नुसती रबरी स्प्रिंग) बसवा. प्लीज ऐकू नका. मिनीत तसं करता येतं हे खरं, पण ११०० ची रचनाच हायड्रोलॅस्टिक धरून केलेली आहे, तिथे असा सोपा बदल नाही, आणि मिनीतसुद्धा ज्या गोष्टीमुळे ती गाडी वेगळी आहे तीच काढून टाकायची आणि वर पैसे मोजायचे याला काही अर्थ नाही. बहुतेक वेळा काम एका रबरी होजचं (नळीचं) असतं, आणि होजच्या कामात पुण्याचा हात धरणारी शहरं कमीच असतील.

आधी सिस्टिम समजून घ्या म्हणजे लीक शोधायला सोपं जाईल. अ‍ॅलेक्स मोल्टनने हे डिझाइन केलं, १९६२ मध्ये मॉरिस ११०० मध्ये पहिल्यांदा आलं, १९६४ पासून काही वर्षं मिनीतही होतं. प्रत्येक चाकाला एक डिस्प्लेसर, म्हणजे एक बंद डबा, त्यात रबरची स्प्रिंग, खाली डायफ्रॅम (लवचिक पडदा) आणि मध्ये पातळ द्रव. डावीकडचे पुढचा आणि मागचा डिस्प्लेसर एका पाइपने जोडलेले, उजवीकडचे दुसऱ्या पाइपने. पुढचं चाक स्पीडब्रेकरवर चढलं की द्रव मागे ढकलला जातो, मागची बाजू उचलली जाते आणि गाडी डुलत नाही, सपाट राहते. डँपिंगचे व्हॉल्व डिस्प्लेसरच्या आतच आहेत त्यामुळे वेगळे शॉकअप नाहीत. डावी आणि उजवी बाजू एकमेकांना जोडलेल्या नाहीत, म्हणून डावी बाजू पुढून-मागून दोन्हीकडे बसली असेल तर लीक डाव्या लाइनमध्येच आहे. फक्त पुढचा एकच कोपरा खाली असेल तर द्रवाच्या मागे लागू नका, नकल जॉइंट, आर्म आणि सबफ्रेम बघा.

लीक शोधताना पहिल्यांदा मागच्या सबफ्रेमजवळचे दोन व्हॉल्व बघा, टायरच्या व्हॉल्वसारखेच दिसतात. टोपी काढून आत ओल आहे का बघा, नुसती पिन गळत असेल तर तुमचं काम अर्ध्या तासाचं आहे. मग पुढच्या डिस्प्लेसरमधून निघणारा होज. टॉर्च घेऊन होज जिथे लोखंडी फेरुलमध्ये (टोकावरच्या कड्यात) शिरतो तिथलं तोंड नीट बघा, रबर तिथेच आधी फुटतं, कारण सगळं वाकणं त्याच जागी होतं. नखाने दाबलं की साठ वर्षांचं रबर लगेच सांगतं, भेगा उघडतात आणि त्यातून चिकट ओल दिसते. होज सबफ्रेमला घासत असेल तर तिथे चकचकीत पट्टा पडलेला असतो, तोही जाणार आहे असं समजा. शेवटी फ्लोअरखालचा लोखंडी पाइप, चिखल साचलेल्या जागी गंजतो, तो गंजलाच असेल तर नवीन ओढून फ्लेअर करून घ्या, त्यात विशेष काही नाही.

गाडी बसली तरी बम्प स्टॉपवर हळू चालवता येते, कंपनीच्या हँडबुकमध्येच चांगल्या रस्त्यावर ताशी ३० मैलांपर्यंत चालेल असं म्हटलंय. चांगल्या रस्त्यावर हे शब्द विसरू नका. आपल्याकडे खड्डे बघता ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि जमलं तर सरळ टोइंगवरच न्या.

आता सुरक्षेचं, आणि हे वगळू नका. सिस्टिममध्ये मॉडेलप्रमाणे साधारण २०० ते ३०० पीएसआय प्रेशर असतं, मिनीच्या सुरुवातीच्या मॅन्युअलमध्ये २६३ आहे म्हणजे जवळजवळ १८ बार. प्रेशर सोडायच्या आधी युनियनला (पाइपच्या जोडाला) पाना लावायचा नाही. प्रेशर सोडलं की गाडी खाली येते, त्यामुळे आधी जॅक स्टँड सबफ्रेमखाली भक्कम लावा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणीही झोपायचं नाही. डोळ्यांना चष्मा लावा, व्हॉल्ववर होज लावून बाटलीत सोडा. मूळ द्रव पाणी, अल्कोहोल आणि गंजरोधकाचं मिश्रण होतं, त्यामुळे आसपास सिगरेट, वेल्डिंग, ग्राइंडरच्या ठिणग्या काही नको, आणि तो विषारी आहे, उघडा ठेवू नका, घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर विशेष.

प्रेशर शून्य झालं की होजचं टोक पाइपपासून सोडा, वरचा आर्म मोकळा करा, डिस्प्लेसरचा लॉकिंग ब्रॅकेट काढा आणि डिस्प्लेसर थोडा फिरवत बाहेर घ्या. दोन्ही उघडी तोंडं लगेच बंद करा, एक कचऱ्याचा कण आतल्या व्हॉल्वमध्ये अडकला तर ती बाजू कायमची दगडासारखी होते.

इथून पुढे भोसरी. भोसरी-चाकण पट्ट्यात जेसीबी, पोकलेन आणि प्रेस मशीनचे हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं आहेत, त्यांच्यासाठी १८ बार म्हणजे काहीच नाही, ते रोज दोनशे बारची कामं करतात. पण गाडीचं म्हणून ते सरसकट करून देतील असं धरू नका, समोर उभं राहून करून घ्या. जुना फेरुल लांबीच्या दिशेने बारीक हॅकसॉने कापायचा, आतल्या निप्पलला (होज ज्यावर चढवलेला असतो त्या तोंडाला) लागायच्या आत थांबायचं आणि उरलेलं छिन्नीने उघडायचं. निप्पलवर चरा पडला तर नवीन होजही तिथूनच गळणार. गॅसने तापवून काढू देऊ नका, त्या लोखंडाला लागूनच डिस्प्लेसरचं रबर आहे.

निप्पल साफ करून व्हर्नियरने माप घ्या आणि होज त्या मापाचा. सिंगल वायरचा, म्हणजे तारेच्या एका थराचा आर-१ एटी प्रकारचा होज मागा. ३/८ इंची होजचं वर्किंग प्रेशर १८० बार आणि अर्धा इंचीचं १६० बार असतं, म्हणजे खड्ड्यात चाक आपटल्यावर जो झटका येतो त्यालाही भरपूर मार्जिन. डबल वायर घेऊ नका, कडक असतो आणि वाकत नाही, इथे ताकदीपेक्षा वाकणं महत्त्वाचं. ३/८ चा होज साधारण १३० मिमी त्रिज्येपेक्षा आणि अर्धा इंचीचा १८० मिमीपेक्षा कमी वाकवायचा नाही, म्हणून जुन्या होजची लांबी आणि वळण दुकानात नेऊन दाखवा, फोटोसुद्धा चालेल. आतली नळी नायट्राइलची आहे ना ते विचारा, होजवर छापलेली तारीखही बघा, दोन-तीन वर्षं उन्हात लटकलेला तुकडा नको. आणि जुबिली क्लिप लावून देतो म्हणाला तर नमस्कार करून निघा.

एक अडचण येते, डिस्प्लेसर मोठा असतो आणि क्रिम्पिंग मशीनच्या (फेरुल दाबून बसवणाऱ्या) तोंडात तो अडतो. म्हणून जायच्या आधी फोनवर मशीनचा आकार विचारा. नाही बसलं तर लेथवाल्याकडून निप्पलच्या मापाचा स्क्रू टाइप फेरुल करून घेता येतो, चांगला लेथवाला हे व्यवस्थित करतो. आणखी एक, सुटा डिस्प्लेसर टेस्ट म्हणून प्रेशरखाली भरू देऊ नका, डायफ्रॅमला बाहेरून आधार नसतो, फाटू शकतो. खात्रीसाठी त्याच होजचा छोटा तुकडा त्याच फेरुलने क्रिम्प करून दोन टोकं बंद करून टेस्ट करायला सांगा.

गाडीत परत बसवल्यावर होज सबफ्रेमला, स्टिअरिंग रॅकला कुठेही घासत नाही ना हे चाक पूर्ण वळवून बघा. युनियनचं टोक अडकलं असेल तर जोर न लावता परत सुरू करा, पहिले दोन आटे हातानेच गेले पाहिजेत.

भरायला महागडं मशीन लागत नाही. फ्रिज-एसीवाल्याचा व्हॅक्यूम पंप आणि प्लंबर पाइपलाइन टेस्ट करायला वापरतात तो हातपंप, दोन्ही भाड्याने मिळतात, व्हॉल्वला बसणारा जोड मात्र लेथवर करून घ्यावा लागेल. हातपंप डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुऊन घ्या, आत बांधकामाची वाळू असतेच. व्हॅक्यूम पंपाच्या मध्ये काचेची बाटली लावा, नाहीतर द्रव पंपाच्या तेलात जाईल. मॅन्युअलमध्ये पाऱ्याचे २७ इंच व्हॅक्यूम म्हटलंय, ते समुद्रसपाटीच्या हिशोबाने. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पूर्ण व्हॅक्यूमच जेमतेम २८ इंच येतो, त्यामुळे काटा साडेसव्वीसला थांबला तर पंप खराब नाही, काटा तिथे टिकतोय का तेच बघा. दहा-पंधरा मिनिटांत खाली आला तर लीक अजून आहे, भरू नका.

द्रवाचं म्हणाल तर पुण्यात गोठायचा प्रश्न नाही, म्हणून अल्कोहोल शोधत फिरू नका, गंजरोधक असलेलं चांगलं ग्लायकॉल कूलंट एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर दोन भाग. बोअरचं पाणी अजिबात नको. बाटलीवर नीट वाचा, कित्येक कूलंट आधीच पाणी मिसळलेले असतात, त्यात परत पाणी घातलं तर गंजरोधक उरतच नाही. ब्रेक ऑइल तर चुकूनही घालू नका.

आधी व्हॅक्यूमने द्रव आत खेचू द्या, मग पंपाने हळूहळू प्रेशर वाढवत तुमच्या मॉडेलच्या आकड्यापर्यंत न्या. दुसऱ्या बाजूचंही तेवढंच करा, कारण एक बाजू उचलली की दुसरीवरचा भार बदलतो. मग गाडी सपाट जागेवर थोडी पुढे-मागे ढकला, चाकं रबरावर ताणलेली असतात ती मोकळी होतात, आणि मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंत चारही उंच्या मोजा. रात्रभर ठेवून सकाळी परत मोजा, मगच रस्त्यावर काढा. चारही आकडे आणि प्रेशर तारखेसकट लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी तुलना करा, एक बाजू पाच मिमीपेक्षा जास्त उतरली असेल तर आधी व्हॉल्वची पिन आणि मग नवीन फेरुलचं तोंड बघा.