गॅस न पेटवता वाचनकट्ट्याचा खाऊ: तयारीची यादी

आमच्या वाचनकट्ट्याची एप्रिलची बैठक माझ्याकडे असते. 23 एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाजवळचा शनिवार, दुपारचे चार, बारा माणसं आणि बाहेर अंगाची लाही करणारं ऊन. पहिल्या वर्षी मी हौसेनं कांदाभजी केली होती. बाहेर चर्चा रंगलेली आणि मी आत कढईपाशी, घाण्यामागून घाणा काढतेय. हात पुसत बाहेर आले तेव्हा मंडळी पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवत होती. त्या दिवशीच्या चर्चेचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, समासात खुणा केल्या होत्या, आणि त्यावर एक शब्दही बोलले नव्हते. त्या दिवशी ठरवलं, कट्ट्याच्या दिवशी गॅस पेटणार नाही. ज्याच्या घरी बैठक, तोही चर्चेत पहिल्यापासून शेवटपर्यंत बसला पाहिजे. पुढची सगळी यादी त्यासाठी आहे.

आठ दिवस आधी कालनिर्णय उघडा. शनिवारी एकादशी किंवा संकष्टी आली, तर बारांतल्या चौघांना तरी पोहे चालत नाहीत. त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर असा वेगळा बेत ठेवा. कोणी कांदा-लसूण खात नाही का, कोणाला दाणे सोसत नाहीत का, कोणाची साखर वाढलेली आहे का, हे गटावर सरळ विचारून घ्या. ऐनवेळी कोणीतरी ‘मला नको, माझं पोट भरलंय’ म्हणतं आणि आपल्याला खरं कारण घरी गेल्यावर कळतं, याची फार चुटपुट लागते.

मग बेत ठरवा. मला इथे एकच कसोटी लावावीशी वाटते: ज्या हातानं खायचं, त्याच हातानं पान उलटायचं आहे. तेलाचा डाग कागदात आरपार उतरतो, हळदीचा जात नाही आणि तिखट लागलेली बोटं पानाच्या कडेला कायमची खूण ठेवून जातात. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर ते आपलं नसतंच; आपल्यामागून ते वाचणारं कोणीतरी आहे. म्हणून शेव-फरसाणाचा बकाणा मी या दिवशी आणत नाही. भेळही नाही, आणि हे मी भेळ मनापासून आवडत असूनही लिहितेय. भेळ कालवली की लगेच संपवावी लागते. चर्चा तशी थांबत नाही. एखादी काकू मुद्द्यावर आली की दहा मिनिटं बोलते आणि तेवढ्यात तिच्या वाटीतले चुरमुरे चिवट होऊन बसतात.

त्यापेक्षा दडपे पोहे करावेत. ते थांबतात, उलट थांबल्यानं चांगले लागतात, आणि चमच्यानं खाता येतात. बारा जणांसाठी अर्धा किलो पातळ पोहे, एक मोठा नारळ, चार मध्यम कांदे, एक आंबट कैरी, पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीची जुडी पुरते. पोहे आदल्या दिवशी चाळून, निवडून, परातीत पसरून थोडं ऊन दाखवा. ते धुवायचे नाहीत, इथेच बहुतेकांचं चुकतं. नारळ फोडताना पाणी गाळून बाजूला ठेवा आणि ते प्यायची इच्छा आवरा, त्याचं काम पुढे आहे.

बैठकीच्या तासभर आधी परातीत बारीक चिरलेला कांदा, खवलेलं खोबरं, कैरीचा कीस, मिरची, मीठ आणि दोन चमचे साखर एकत्र करून हातानं चांगलं चुरडा. मिठानं कांद्याला आणि कैरीला पाणी सुटतं, खोबरं ओलसर होतं आणि परातीच्या तळाशी आंबटगोड रस जमतो. आता त्यात पोहे घालून हलक्या हातानं खालीवर करा, नारळाचं पाणी शिंपडा, वर ताट पालथं घाला आणि ताटावर वजन ठेवा. मी खलबत्त्यातला खल ठेवते. अर्ध्या तासानं ताट उचललं की कैरी-कांद्याचा वास नाकाशी येतो आणि पोहा बोटात धरला तर मऊ असूनही त्याचा आकार शाबूत असतो. हेच दडपणं.

फोडणीशिवाय दडपे पोहे म्हणजे काय, असं आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ मावशींनी विचारलं होतं. त्याचं उत्तर मेतकूट. दोन मोठे चमचे मेतकूट आणि चमचाभर घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल, त्यात चिमूटभर हिंग कालवून पोह्यांवर घाला. मेतकुटातल्या डाळी आणि मसाले आधीच भाजलेले असल्यानं खमंगपणा आयता मिळतो. खारे दाणे वेगळ्या वाटीत ठेवा, म्हणजे ज्याला हवेत तो घेईल आणि ते कुरकुरीतही राहतील. मावशींनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

सोबत काकडीचं सँडविच पुरे. काकडी किसून मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळून घ्या. ब्रेडच्या आतल्या दोन्ही बाजूंना आधी लोणी लावा, मग चटणी. लोण्यामुळे ओल ब्रेडमध्ये शिरत नाही. हिरव्या चटणीत मूठभर पंढरपुरी डाळं वाटलं की ती घट्ट होते आणि कडेनं ओघळत नाही. चौकोनी छोटे तुकडे करून ओल्या, पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी केलेली सँडविचं फ्रिजमध्ये चार वाजेपर्यंत छान राहतात.

गोड आदल्या रात्रीच उरका. पाव किलो मऊ खजूर बिया काढून मिक्सरमधून फिरवा, त्यात शंभर ग्रॅम बदाम-अक्रोडाची भरड आणि वेलची मळून सुपारीएवढ्या गोळ्या करा आणि सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. वीस-बावीस होतात. किसामुळे बोटांना चिकटत नाहीत. साखर घातलेली नसली तरी खजूर गोडच आहे, हे मधुमेह असलेल्यांना आपणहून सांगा.

पेयांचं गणित असं: उन्हातून आलेला माणूस आल्याआल्या एक पेला पितो आणि तासाभरानं पुन्हा एक. म्हणजे बारा जणांना साधारण पाच लिटर लागतं, साधं पाणी वेगळं. मी दोन प्रकार ठेवते. पहिलं कच्च्या कैरीचं पन्हं. नेहमीच्या पन्ह्याला कैरी उकडतात. इथे दोन कैऱ्या सोलून, किसून मिक्सरमध्ये बारीक वाटायच्या आणि गाळायच्या. गूळ थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून तो रात्रीच चिरून पाण्यात भिजत घाला. सकाळी फक्त ढवळून गाळून घ्या. कैरीच्या किसाच्या दीडपट गूळ, वेलची, चवीला मीठ. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यापेक्षा हे पातळ आणि जास्त तरतरीत लागतं.

दुसरा मठ्ठा. एक किलो दही, दीड ते दोन लिटर पाणी, किसलेलं आलं, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर. दही गोडसर घ्या, कारण या दिवसांत ते चार वाजेपर्यंत आपणहून आंबट होतंच. घुसळून फ्रिजमध्ये ठेवा आणि मीठ वाढायच्या वेळी घाला.

कोकम सरबत मला प्रिय आहे, पण आता मी ते पुस्तकांच्या खोलीत आणत नाही. एका मैत्रिणीनं तिच्या आईची जुनी प्रत आणली होती आणि माझ्या हातातला पेला हिंदकळला. दोन पानांवर तो तांबडा डाग अजून आहे. ती काही बोलली नाही, मला मात्र अजून वाईट वाटतं. तुम्हाला करायचंच असेल तर ते दारातच द्या, पुस्तकं पिशवीतून निघायच्या आधी. आणि बाटली घेताना नीट बघा: आगळ खारट असतं, ते सोलकढीचं, सरबताला साखर घातलेलं कोकम हवं.

चार वाजायच्या आधी एकदा खोलीभर नजर फिरवा. पेले मधल्या टीपॉयवर नकोत, पुस्तकं तिथेच येणार. बाजूला वेगळं स्टूल लावून पेले आणि पाण्याचा तांब्या त्यावर ठेवा. वाट्या आणि चमचे मोजून काढा. ओले नॅपकिन घडी करून एका ताटात आणि कोरडे दुसऱ्यात, कारण ओली बोटंही कागदाला तेलकट बोटांइतकीच वाईट. शक्य तर आधी खाणं, मग हात धुणं आणि मगच पुस्तक, असाच क्रम ठेवा; आमच्याकडे पहिली पंचवीस मिनिटं खाण्याची असतात. तुमचं स्वतःचं पुस्तक, खुणांसकट, तुमच्या खुर्चीवर आधीच ठेवून द्या, म्हणजे ती जागा तुमची राहील. पेले पुन्हा कोण भरणार तेही आधीच दुसऱ्या कोणाला तरी सांगा.

उठताना खजुराच्या उरलेल्या गोळ्या डब्यांत भरून लांबून आलेल्यांना द्या, त्या आठवडाभर टिकतात. पोहे मात्र त्याच रात्री संपवा. त्यातलं ओलं खोबरं आणि कच्चा कांदा एप्रिलच्या उकाड्यात सकाळपर्यंत तग धरत नाही.