पेन ड्राइव्हवर ‘डिस्कपार्ट’ चालवायचं, तर आधी डिस्कचा आकार वाचा

अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराई सुरू झाली की पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. “भाऊ, यामा नवा गाना भरी दे,” असं म्हणत कुणी ट्रॅक्टरवरचा पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवतो, आणि बघावं तर ३२ जीबीचा ड्राइव्ह फक्त चार-पाच एमबी दाखवतोय. बऱ्याचदा घरातल्या कुणा पोराने त्यावर लिनक्सचा, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टिमचा, इन्स्टॉलर चढवलेला असतो. माउसने राइट क्लिक करून फॉरमॅट मारलं तर तेवढे चार-पाच एमबीच फॉरमॅट होतात, उरलेली जागा हाती लागत नाही. ती परत मिळवायला विंडोजमध्येच ‘डिस्कपार्ट’ नावाचा प्रोग्राम आहे. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही.

खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा आणि प्रत्येक कमांडनंतर एंटर दाबा. या कामात पेन ड्राइव्हवरचं सगळं जातं, म्हणून हवं ते आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. आपल्याकडे लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा शक्यतो चार्ज केलेल्या लॅपटॉपवरच करा.

पहिलं काम कीबोर्डवरचं नाही. कॉम्प्युटरला लावलेल्या बाहेरच्या सगळ्या हार्ड डिस्क आणि कार्ड काढून ठेवा. जो दुरुस्त करायचा तो पेन ड्राइव्हसुद्धा अजून लावू नका.

आता विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत ‘डिस्कपार्ट’ लिहा, परवानगी विचारली की ‘येस’ म्हणा. काळी खिडकी उघडेल. तिथे ‘लिस्ट डिस्क’ द्या. एकच ओळ दिसली तर ती तुमच्या कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क. ५१२ जीबीची असेल तर ४७६ जीबी दिसेल. यात कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. त्याच हिशेबाने ३२ चा पेन ड्राइव्ह २९ च्या आसपास दिसतो.

मग पेन ड्राइव्ह लावा, पाच-दहा सेकंद थांबा आणि पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ द्या. जी ओळ नव्याने आली तोच तुमचा पेन ड्राइव्ह. ओळ आली नाही तर एकदा ‘रिस्कॅन’ द्या. आकार जुळतो का ते बोट ठेवून वाचा. डिस्क १ असेल तर ‘सिलेक्ट डिस्क १’ लिहा, आकडा मात्र इंग्रजी.

इथे घाई करू नका. डिस्कचा नंबर कायमचा नसतो. आज जो पेन ड्राइव्ह १ आहे, तो उद्या दुसरं काही लावलेलं असलं की २ होतो. एका श्रावणात दुकानात गर्दी होती आणि माझी स्वतःची हार्ड डिस्क मागच्या बाजूला जोडलेली राहिली होती. हाताला सवय १ ची. मी आकार न वाचता पुढे गेलो. त्या हार्ड डिस्कवर माझ्या आजीने म्हटलेली, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी होती, आणि आजी तेव्हा राहिली नव्हती.

म्हणून सिलेक्ट केल्यावर ‘डिटेल डिस्क’ ही कमांड द्याच. त्यात ड्राइव्हचं नाव येतं, टाइपसमोर यूएसबी दिसतं आणि ‘बूट डिस्क’समोर ‘नो’ असतं. तिथे ‘येस’ दिसलं तर लगेच ‘एक्झिट’ करा, तुम्ही विंडोजच्या डिस्कवर उभे आहात. सगळं जुळलं की शेवटचं एकदा ‘लिस्ट डिस्क’. निवडलेल्या ओळीच्या सुरुवातीला चांदणी दिसेल.

आता ड्राइव्ह रिकामा करणारी ‘क्लीन’. ही कमांड “नक्की का?” असं विचारत नाही. एंटर दाबलं की क्षणात काम झालेलं असतं. ‘क्लीन ऑल’ मात्र चुकूनही लिहू नका. ती डिस्कच्या प्रत्येक भागावर शून्य लिहिते, मोठ्या डिस्कला कित्येक तास घेते आणि त्यानंतर काही परत येत नाही. जुनी हार्ड डिस्क विकायची असेल तेव्हा तिचा उपयोग.

पुढे ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, म्हणजे रिकाम्या ड्राइव्हवर वापरायचा नवा भाग (पार्टिशन) तयार होतो. मध्येच विंडोजने फॉरमॅट करण्याबद्दल विचारलं तर ‘कॅन्सल’ करा. नंतर ‘फॉरमॅट एफएस=एफएटी३२ क्विक’, मग ‘असाइन’, शेवटी ‘एक्झिट’. झालं.

फॉरमॅटच्या प्रकारांपैकी एफएटी३२ च कशाला? ट्रॅक्टरवरचे आणि गाडीतले बरेच प्लेअर तेच ओळखतात. मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे लग्नाच्या शूटिंगसाठी एफएटी३२ च्या जागी ‘एक्सफॅट’ घ्या, म्हणजे इंग्रजीत ई-एक्स-एफ-ए-टी. ६४ जीबीच्या ड्राइव्हला एफएटी३२ द्यायला गेलात तर बऱ्याच कॉम्प्युटरवर “आकार फार मोठा” असं उत्तर मिळतं. तेव्हा पुन्हा ‘क्लीन’ करून पार्टिशनच्या कमांडच्या शेवटी ‘साइझ=३००००’ जोडा. आकडा एमबीत असतो. उरलेली जागा वापरात येणार नाही, पण गाण्यांना ३० जीबी पुष्कळ झाले.

‘राइट प्रोटेक्टेड’, म्हणजे यावर काही लिहिता येत नाही, असं आलं आणि ते मेमरी कार्ड असेल तर त्याच्या कडेची बारीक खिटी पाहा. ती ठीक असेल तर ‘अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ करून बघा. तरीही हटत नसेल तर बहुतेक वेळा आतली चिपच थकलेली असते. वाचता येतंय तोवर फाइली काढून घ्या आणि नवीन ड्राइव्ह आणा. त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा पेन ड्राइव्ह उन्हात उभ्या गाडीत तसाच ठेवू नका.

आणि चुकीच्या डिस्कवर ‘क्लीन’ झालंच, तर हात तिथेच थांबवा. फॉरमॅट नाही, नवी फाइल नाही. साध्या ‘क्लीन’ने डिस्कची अनुक्रमणिका पुसली जाते, आतला मजकूर बराचसा जागेवरच असतो. ‘टेस्टडिस्क’ नावाच्या मोफत प्रोग्रामने पार्टिशन बऱ्याचदा जसंच्या तसं परत मिळतं. मी त्या दिवशी फॉरमॅटही करून बसलो होतो, त्यामुळे त्याचाच जोडीदार ‘फोटोरेक’ वापरावा लागला. तो सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून देतो, पण मूळ नावं देत नाही. एफ अक्षर आणि पुढे आकडे, अशा शेकडो फाइली. रोज दुकान बंद केल्यावर मी आणि आई एकेक लावून ऐकत बसायचो. आई पहिल्याच ओळीला गाणं ओळखायची आणि मी नाव टाइप करायचो.