ट्रकच्या चेसिसवर कॅम्पर बांधताय? डबा थेट आवळू नका

नागपूरजवळच्या वाडीत बॉडीचं काम टाकलं की सल्ला मिळतो, "भाऊ, यू-बोल्टनं कसून टाकू, हलणार नाही." मालाच्या बॉडीला ते चालतं, राहायच्या डब्याला नाही. ट्रकची चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, पिळली जाण्यासाठीच बनवलेली असते. म्हणूनच एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. तिच्यावर कडक डबा घट्ट बसवला की तो पीळ डब्यात शिरतो. आधी खिडकीच्या कोपऱ्यातलं सीलंट फाटतं, मग दार अडकतं, शेवटी पॅनेलचा सांधा उघडतो.

डब्याखाली वेगळी सबफ्रेम, म्हणजे चेसिस आणि डब्याच्या मधली दुसरी चौकट, घ्याच. मागच्या एक्सलकडे ती पक्की बोल्ट करा, केबिनकडे स्प्रिंगचे माउंट द्या. चेसिस पिळली की सबफ्रेम तिथं थोडी उचलली जाते आणि परत बसते. डबा आडवा सरकू नये म्हणून बाजूला पट्ट्या लावा. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक किंवा वेल्डिंग अजिबात नको. उभ्या बाजूला कंपनीनं दिलेली भोकं वापरा.

डबा चढला की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जाड फळ्यांवर घ्या. तशा अवस्थेत दार सहज लागलं पाहिजे, केबिन आणि डब्यातली फट कुठंच मिटता कामा नये.

नागपूरचा मे ४५ अंशांचा, त्यामुळे उष्णता अडवणाऱ्या पफ (फोम भरलेल्या) पॅनेलमध्ये काटकसर नको. पाणी, डिझेल भरून धरमकाट्यावर प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं घ्या. आणि काम सुरू करण्याआधी आरटीओची मंजुरी: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२.