महागड्या केबलची परीक्षा कानाने घेताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका दुकानात मी तीन मीटर लांबीची स्पीकर केबलची जोडी १८,००० रुपयांना विकत घेतली. दुकानदाराने आधी साध्या वायरवर एक बडा ख्याल ऐकवला, मग अँप्लिफायर बंद करून, मागे जाऊन निळ्या जाळीची जाडजूड केबल जोडली आणि तोच ख्याल पुन्हा लावला. तानपुरे भिंतीआडून खोलीत आल्यासारखे वाटले. पैसे मोजताना माझ्या मनात किंतु नव्हता. घरी आल्यावर मात्र एका मित्राला पडद्यामागे बसवून केबल बदलायला लावल्या, तेव्हा सोळा फेऱ्यांपैकी नऊ वेळा माझे उत्तर बरोबर आले. डोळे मिटून नाणे उडवले असते, तरी नऊ किंवा त्याहून जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के होती.

तरीही दुकानात ऐकू आलेला फरक निव्वळ भास होता असे मी म्हणणार नाही. तो केबलचा होता की आणखी कशाचा, एवढाच प्रश्न आहे, आणि केबलच्या बहुतेक तुलना याच प्रश्नापाशी अडखळतात. कान कमी पडत नाहीत. जवारीचा दोरा केसभर सरकला तरी ज्यांना तानपुरा बिघडल्याचे कळते, त्यांच्या कानांवर शंका घेण्याचे कारण नाही. चूक होते ती ऐकण्याची मांडणी करताना.

आवाजाची पातळी न जुळवणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. दोन आवाजांत अर्ध्या डेसिबलचा फरक असेल, तर ऐकणाऱ्याला एक आवाज मोठा आणि दुसरा लहान असा तो सहसा जाणवत नाही. त्याला मोठा आवाज अधिक स्वच्छ, अधिक भरीव, अधिक जवळचा वाटतो. तारेची जाडी बदलल्याने एवढा फरक सहज पडू शकतो, आणि तो हिशेब अवघड नाही.

अँप्लिफायरपासून स्पीकर पाच मीटर दूर असेल, तर वीज जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यातून प्रवास करते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक लवचीक वायरीत या दहा मीटरचा रोध सुमारे ०.३९ ओहम भरतो, तर अडीचच्या वायरीत तो ०.०८ ओहमच्या आसपास असतो. आठ ओहमच्या स्पीकरवर बारीक वायर सुमारे ०.४ डेसिबल खाते आणि अडीचची वायर ०.१ डेसिबलही खात नाही. स्पीकर चार ओहमचा असेल, तर बारीक वायरीतली घट ०.८ डेसिबलपर्यंत जाते. शिवाय स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. आठ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर एखाद्या पट्ट्यात तीन-चार ओहमपर्यंत उतरतो आणि दुसऱ्या पट्ट्यात वीस ओहमच्या वर जातो, त्यामुळे बारीक वायर आवाज सरसकट कमी न करता थोडा रंगवतेही. म्हणजे सिस्टीमबरोबर फुकट मिळालेली वायर आणि हजारोंची जाड केबल यांत कोणाला फरक ऐकू आला, तर त्याने खरेच ऐकले आहे. फक्त त्या फरकाचे श्रेय जाडीला जाते, आणि तेवढी जाडी इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरच्या भावाने मिळते. चांदीच्या तारेचेही तसेच आहे. चांदी तांब्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आतबाहेरच चांगली वाहक आहे, तेव्हा अडीच चौरस मिलिमीटर चांदीचे काम सुमारे २.६५ चौरस मिलिमीटर तांबे करते.

पातळी कानाने जुळवता येत नाही आणि मोबाइलवरच्या अॅपनेही पुरेशी जुळत नाही. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावावा, एकाच स्वराचा स्थिर टोन वाजवावा आणि एका केबलवर २.८३ व्होल्ट येत असतील, तर दुसरीवर किमान २.८० व्होल्ट येईपर्यंत आवाज सरकवावा. हा फरक ०.१ डेसिबलच्या आत बसतो. मल्टिमीटर घेताना एक गोष्ट पाहावी. सर्वांत स्वस्त पिवळ्या मीटरवर एसी व्होल्टची सर्वांत खालची पट्टी २०० व्होल्टची असते आणि तो एका दशांशापुढे आकडा दाखवत नाही, त्यामुळे दोन दशांश दाखवणारा मीटर लागतो. मोजणी दोन्ही स्पीकरवर करावी. हे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे, आणि तो अनुभव पुढे येईल.

जुना जोड न पुसता नवी केबल लावणे

ज्यांच्या घरी समुद्राची हवा येते, त्यांनी हा मुद्दा नीट वाचावा. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत एखादे आरसीए प्लग (प्लेअर आणि अँप्लिफायर जोडणाऱ्या वायरीचे गोल टोक) दोन पावसाळे न हलवता तसेच राहिले, तर त्याच्या धातूवर मळकट पुट चढते, पितळ उघडे पडले असेल तर हिरवट डागही दिसतात. अशा जोडात रोध वाढतो, कधी एका बाजूचा आवाज किंचित बसतो, कधी खरखर येते. नवी केबल लावण्यासाठी आपण जुनी ओढून काढतो, तेव्हाच सॉकेट घासून निघते. नवा प्लग चकचकीत असतोच. आवाज सुधारतो आणि शाबासकी केबलला मिळते.

यावर उपाय फुकटचा आहे. नवी केबल डब्यातून काढण्याआधी यंत्रे बंद करून जुने सगळे प्लग एकदा काढावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पुन्हा घट्ट बसवावेत आणि दोन दिवस तसेच ऐकावे. उघड्या तारेची टोके काळवंडली असतील, तर तेवढा तुकडा छाटून ताजे तांबे काढावे. याच वेळी लाल आणि काळी टोके दोन्ही स्पीकरांना सारखीच लागली आहेत ना, तेही पाहावे. एका स्पीकरची टोके उलट असतील, तर खर्ज पातळ होतो आणि मधोमध उभा असायला हवा तो गायक खोलीभर विरघळतो. नवी केबल जोडताना ही उलटी जोडणी नकळत सुलट होते, आणि असा ‘चमत्कार’ मी दोन घरांत पाहिला आहे.

कोणती केबल चालू आहे हे माहीत असणे

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्या चाळीस कर्मचाऱ्यांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. समोर दिसत असताना मोठ्या आणि देखण्या स्पीकरांना झुकते माप मिळाले, आणि पडदा ओढल्यावर ते अंतर आक्रसले. त्याहून लक्षात राहण्याजोगी गोष्ट अशी की, स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात जो खरा फरक पडत होता, तो उघड्या डोळ्यांनी दिलेल्या गुणांत फारसा उतरलाच नाही. माहिती असली की नसलेला फरक ऐकू येतो एवढेच नव्हे, असलेला फरकही सुटतो. हे लोक रोज आवाजाच्याच धंद्यात वावरणारे होते.

पडदा लावला की काम झाले, असे समजणे ही त्यातलीच पोटचूक आहे. केबल बदलणारा मित्र खोलीत असेल, तर त्याचा खाकरा, त्याची पावले, दर वेळी लागणारा वेळ यांतून उत्तर फुटते. म्हणून तीच केबल पुन्हा लावायची असली, तरीही त्याने ती काढून पुन्हा जोडावी, क्रम नाणे उडवून आधीच कागदावर लिहून ठेवावा आणि प्रश्न विचारणाऱ्या दुसऱ्या माणसाला तो कागद दाखवू नये. विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसते, म्हणून हिला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. अ, ब आणि यांपैकीच एक असलेला अज्ञात क्ष ऐकवायची पद्धत बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडली होती, त्यामुळे ही शंकेखोरांनी केबलवाल्यांसाठी काढलेली नवी खोडी नव्हे.

केबल बदलताना अँप्लिफायर दर वेळी बंद करावा. चालू अँप्लिफायरच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या, तर चाचणीपेक्षा दुरुस्ती महाग पडते.

सोयीच्या जागी मोजणी थांबवणे

दहापैकी सात उत्तरे बरोबर आली की घरात जल्लोष होतो. नुसत्या नशिबाने दहापैकी सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के आहे. सोळापैकी बारा हा आकडा बरा, कारण तिथे ती शक्यता चार टक्क्यांच्या खाली येते. पण वीस जणांना बसवले आणि कोणालाही खरे काही ऐकू येत नसले, तरी त्यांतला किमान एक जण बारा गाठण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, आणि मग त्या एकाला ‘सोन्याचे कान’ ठरवले जाते. त्याला मानाने पुन्हा बसवावे आणि आणखी सोळा फेऱ्या घ्याव्यात. फेऱ्या किती, हे सुरुवातीलाच ठरवावे. आकडा चांगला दिसला की ‘चला, आता चहा’ म्हणून उठू नये.

शंका घेणाऱ्यांच्या चुका

मी याच गटातला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. ‘चाचणीत फरक सापडला नाही, म्हणजे फरक नाहीच’ हे आमचे आवडते वाक्य घाईचे आहे. केबल हाताने बदलायला दोन मिनिटे लागत असतील, तर आधीच्या आवाजाचा बारीक तपशील तोवर कानात टिकत नाही, आणि अशा चाचणीत अनुत्तीर्ण होणे फारसे काही सिद्ध करत नाही. क्षणात पालटणारा स्विच असेल, तर तोच निकाल वजनदार होतो. चाचणी निकामी नाही ना, हे तपासायचे तर मधूनच अर्ध्या डेसिबलचा मुद्दाम केलेला फरक घालावा. तोही कोणाला ओळखता येत नसेल, तर दोष चाचणीत शोधावा.

अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी १९८३ मध्ये छापलेली चाचणी अजून वाचण्यासारखी आहे, कारण तिने दोन्ही गटांना थोडे थोडे दुखावले. २४ गेजची बारीक वायर (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) गुलाबी गोंगाटावर, म्हणजे सर्व पट्ट्यांचे स्वर एकत्र असलेल्या चाचणीच्या सळसळीवर, ओळखू आली. जाड मॉन्स्टर केबल आणि दिव्याला लावतात तशी १६ गेजची वायर यांच्यात मात्र संगीत ऐकून ऐकणाऱ्यांना भरवशाने निवड करता आली नाही.

केबलने खरोखर फरक पडतो अशाही जागा आहेत. तबकडी वाजवणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या काट्याला केबलची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण, बाधते, त्यामुळे तिथे केबल लांब किंवा चुकीची असली की तार सप्तकाचा रंग बदलतो. इलेक्ट्रिक गिटारच्या दहा मीटर वायरीतही हेच होते. दहा मीटर लांब स्वस्त एचडीएमआय केबल फोर-के चित्राला कमी पडू शकते, पण तेव्हा पडद्यावर ठिपके उडतात किंवा तो काळा होतो. चित्र ‘किंचित कोमट’ होत नाही. आणि बाजारात तांब्याची म्हणून विकली जाणारी बरीच वायर प्रत्यक्षात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो. एक तार ब्लेडने खरवडून आत पांढरी निघते का पाहावे. (बाहेरून पांढरी आणि आतून लाल निघाली, तर ती कल्हई केलेली चांगली तांब्याची तार आहे. ती परत करू नये.)

गुणगुण घालवण्यासाठी पॉवर केबल विकत घेणे

वीज कित्येक किलोमीटर उघड्या ॲल्युमिनियमच्या तारांवरून आणि मग भिंतीतल्या वायरिंगमधून येते. शेवटच्या दीड मीटरला सोन्याचा मुलामा दिल्याने तिचे संस्कार बदलत नाहीत. स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल, तर बहुतेक वेळा दोन यंत्रे वेगवेगळ्या बोर्डांवरून अर्थिंग घेत असतात किंवा सेट-टॉप बॉक्सची वायर त्यात भर घालत असते. सगळी यंत्रे एका बोर्डावर आणावीत आणि एकेक वायर काढत दोषी शोधावा. अर्थिंगची जाड पिन मोडून गुणगुण थांबवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये, कारण यंत्रात बिघाड झाला की त्याच्या पत्र्यात उतरलेली वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते.

आता राहिलेला अनुभव. माझी केबल आणि मी घरी सोल्डर करून प्लग लावलेली अडीचची वायर यांची चाचणी पुढे मित्राच्या आईंनी दिली. त्या गेली अनेक वर्षे गाणे शिकवतात. त्यांनी सोळापैकी चौदा वेळा बरोबर ओळखले आणि १८,००० रुपयांची केबलच बरी म्हणाल्या. आम्ही दोघेही गप्प झालो. मी केबलवर लेख लिहायच्या तयारीत असताना काकूंनी सहज सांगितले की, तुमच्या त्या साध्या वायरीवर तानपुरा उजवीकडे कलतो. व्होल्टेज आम्ही फक्त उजव्या स्पीकरवर जुळवले होते. डावीकडे मीटर लावला, तर महाग केबलवर २.८३ व्होल्ट आणि माझ्या वायरीवर २.५७ व्होल्ट आले. डाव्या प्लगमधले माझे सोल्डर कच्चे होते, बोटाने हलवल्यावर तार डुलत होती. ते नीट डागले, दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या आणि पुढच्या रविवारी काकूंना परत बसवले. त्या वेळी त्यांना सोळापैकी सात जमले, आणि पाचव्या फेरीनंतर त्यांनी विचारले होते की, तुम्ही केबल बदलताय ना नक्की?