निफाडच्या गारठ्यात हिटरचं बिल न वाढवता घर उबदार कसं ठेवायचं

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो, कधी कधी त्याच्याही खाली, द्राक्षवाले पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात, आणि आपण घरात असून पण फरशीवर पाय टेकवायला नको म्हणतो. कारण आपली घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात, पातळ काचा, सैल पल्ले, वर स्लॅब नाहीतर पत्रा. मग लोक डायरेक्ट हिटर आणतात आणि बिल बघून दचकतात.

आधी हिशोब बघा. २००० वॅटचा हिटर तासाला २ युनिट खातो. रोज ६ तास लावला तर १२ युनिट, महिन्याचे ३६०. महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे चढतो, ३०० च्या पुढे अजून चढतो, म्हणजे फ्रिज, टीव्ही, गिझर धरून तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये गेलातच. आणि दुकानात सांगतात ना की ऑइलवाला हिटर लाइट कमी खातो, ते खरं नाही. रॉडचा असो, ब्लोअर असो की ऑइलचा, २००० वॅटचे सगळे तितक्याच लाइटमध्ये तितकीच उष्णता देतात, फक्त ऑइलवाला बंद केल्यावर थोडा वेळ गरम राहतो एवढंच. खरा फरक पडतो तो हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसीने, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो म्हणून तेवढ्याच उबेला साधारण एक तृतीयांश लाइट लागते. पण हिटरसाठी मुद्दाम घेऊ नका, एसी घ्यायचाच असेल तर तसला बघा.

आता मेन काम, आहे ती ऊब घरात धरून ठेवायची. वारा असेल त्या रात्री पंखे बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या चौकटीलगत हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, जिथे तो एकदम आत वाकतो तिथून गार हवा येतेय. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाकला तो दाराखाली आणि स्लायडिंगचे दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे. हार्डवेअरच्या दुकानात चिकटपट्टीवाला फोम नाहीतर ब्रशची पट्टी मिळते, ती लावायची, अर्ध्या तासाचं काम आहे. दाराखाली मी जुन्या साडीत चिंध्या भरून बारीक लोड शिवलाय, झोपताना सरकवून ठेवायचा.

दुसरं म्हणजे ऊन. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत येतं. १० ते ४ तिकडचे पडदे पूर्ण उघडे ठेवा आणि दिवेलागणीच्या आधी सगळं बंद, पडदा जाड आणि फरशीला टेकेल इतका लांब हवा. पडद्याच्या मागे जुनी गोधडी टांगली तरी फरक कळतो. पत्र्याचं घर असेल तर पहिला खर्च छतावर करा, पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग करून घ्या, पण चुलीपासून आणि वायरींपासून लांब. उघडा पत्रा रात्री इतका गार पडतो की आतल्या हवेतलं पाणी त्याला धरतं आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात, ते बंद होतं.

आणि खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवा. फरशीवर सतरंजी टाका, अंगावर दोन गोधड्या घ्यायच्या तर एक अंगाखाली पण घ्या कारण अर्धी थंडी खालूनच लागते. लोकरीचं घोंगडं असेल तर सोन्याहून पिवळं. थंडीपुरतं सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं, त्या खोलीत झोपायच्या आधी अर्धा तास हिटर लावायचा, मग बंद करून पायाशी गरम पाण्याची पिशवी. अर्धा तास म्हणजे रोजचं १ युनिट, महिन्याचे ३०. कुठे ३६० आणि कुठे ३०!

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गॅस गिझरचं पण तेच, बाथरूमची जाळी थंडी येते म्हणून कधीच बुजवायची नाही. आणि हिटर १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. मागे आम्ही एक्स्टेंशन बोर्डावर लावला होता, तासाभरात जळका वास आला, बघितलं तर पिन काळी पडून प्लास्टिक वितळलेलं, आणि बाजूलाच मुलांचं अंथरूण होतं. तेव्हापासून हिटर लावला की दहा मिनिटांनी प्लगच्या वरून हात लावून बघते, गरम लागला तर लगेच बंद करून वायरमनला बोलावते.