अजिंठ्याच्या भिंतीवरचा परका माणूस कसा बघावा

लेण्यांना जायच्या आदल्या दिवशी मी मुलांना एकच काम देते. कोरा कागद घ्या आणि एक परका माणूस काढा. कुठला, कोण, काही सांगत नाही. पाचोऱ्याकडच्या एका शाळेत मी २२ वर्षं चित्रकला शिकवली आणि जवळजवळ दर हिवाळ्यात हा प्रयोग केला. "बाई, परका म्हणजे कसा?" असं दोघं-तिघं विचारतात. पण पाच मिनिटांत बहुतेकांच्या कागदावर टोपी आलेली असते. मग दाढी, गॉगल, हातात बॅग. चेहरा मात्र बऱ्याच जणांचा कोराच राहतो.

तुम्हीही निघण्याआधी असा कागद काढा आणि सोबत न्या.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने टोपी काढली नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बिऱ्हाड आणि खाली कोयता घेतलेला माणूस. "हे माझे वडील," ती म्हणाली. "आम्ही ऊसतोडीला जातो ना, तिथली माणसं आम्हाला असं बघतात." तेव्हापासून परक्याचं कुठलंही चित्र बघताना ते काढणारा कुठे उभा आहे, हे मी आधी शोधते.

अजिंठा सोमवारी बंद असतो. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढची बस घ्यावी लागते. सकाळी पहिल्या बसने जा, गर्दी होण्याआधी निवांत बघता येतं. फ्लॅश चालत नाही आणि तो वापरूही नये, रंग दीड हजार वर्षांचे आहेत. छोटी दुर्बीण जवळ असेल तर छत बघायला फार उपयोगी पडते. लेण्यात शिरल्यावर पाच मिनिटं काहीच शोधू नका. डोळे अंधाराला सरावले की रंग आपोआप वर येतात.

पहिल्या लेण्यात सगळे थेट पद्मपाणीकडे धावतात. तुम्ही आत गेल्यावर मागे वळा. दरवाजाच्या भिंतीवर एक राजदरबार आहे. राजा सिंहासनावर, भोवती उघड्या अंगाची, दागिने ल्यालेली माणसं, आणि त्यांच्यात शिरणारे काही पाहुणे. त्यांच्या टोपीला टोक आहे, चेहऱ्यावर दाढी आहे, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा आहे. एकाच्या हातात मोत्यांची माळ, दुसऱ्याकडे सुरईसारखं भांडं, तिसऱ्याकडे तबक. इथे आपला कागद काढा आणि दोन्हींमधल्या खुणा मोजा. टोपी, दाढी, बाही. चित्रकाराने परका माणूस किती थोड्या गोष्टींत उभा केला, ते ताबडतोब दिसेल.

खुणा मोजून झाल्या की लगेच नाव देऊ नका. हे मी फार कळकळीने सांगते, कारण इथे मोठे अभ्यासकही घसरले. १८७९ साली जेम्स फर्ग्युसन यांनी हे चित्र म्हणजे इराणचा राजा खुस्रो दुसरा याच्या वकिलांनी, म्हणजे राजदूतांनी, चालुक्यराजा पुलकेशी दुसरा याच्या दरबारी दिलेली भेट, असं मांडलं. ते नाव इतकं चिकटलं की लोक अजून त्याला 'इराणी वकिलात' म्हणतात. पण पुलकेशी सातव्या शतकातला, आणि हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. दीडएकशे वर्षांची तफावत आहे. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी तो प्रसंग महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेतला असल्याचं दाखवलं. म्हणजे ते पाहुणे कुण्या एका देशाचे वकील नाहीत. 'दूरदेशीचे लोकसुद्धा या राजाकडे नजराणे घेऊन येत' एवढं सांगायला त्यांना तिथे उभं केलं आहे. ते राजाच्या मोठेपणाचं माप आहेत.

आता मान वर करा. छताच्या चौकटींत तशाच वेषातला एक दाढीवाला बसलेला आहे. हातात प्याला, शेजारी स्त्री, भोवती सेवक. त्याच्या पायात मोजे आहेत! खाली भिंतीवर बहुतेक पावलं अनवाणी, म्हणून ते चटकन डोळ्यांत भरतात. माझ्या मुलांना एकदा कुणीतरी इथेच सांगितलं, "हे परदेशी लोक असेच दारुडे होते." मला त्याचं फार वाईट वाटलं. मी मुलांना खाली बसवलं आणि एकच विचारलं, "याचा चेहरा वाईट काढलाय का?" सगळ्यांनी नीट बघितलं. वाईट काढलेला नव्हता. माणूस मजेत आहे, एवढंच.

ही परीक्षा पुढे सतरा नंबरच्या लेण्यात पक्की करता येते. तिथे विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक कथा, आहे. त्यातला जूजक नावाचा ब्राह्मण दानशूर राजपुत्राकडून त्याची दोन मुलं मागून नेतो आणि शेवटी मुलांचा आजोबा पैसे मोजून ती सोडवतो. पैसे घेणारा जूजक शोधा. बोकडासारखी दाढी, पडके दात, ओशाळवाणं हसू. चित्रकाराने कुरूपपणा खर्च केला आहे तो या आपल्यातल्याच लोभी माणसावर. टोपीवाल्यांना त्याने वेगळं दाखवलं, हिणवलं नाही. हा भेद लक्षात येईपर्यंत मी स्वतः सात-आठ वेळा तिथे गेले असेन.

त्याच लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा आहे. जहाज फुटून व्यापारी एका बेटावर लागतात, तिथल्या सुंदर स्त्रिया राक्षसिणी निघतात आणि त्यांना खातात. जी माणसं घाटांवरून, बंदरांवरून येता-जाता दिसत होती, त्यांना टोपी. जी भूमी कुणी पाहिलीच नव्हती, तिथे सुळे. दोन्ही चित्रं एकाच फेरीत बघा.

आणि सतरामधला तिसरा परका चुकवू नका. अंतराळात, म्हणजे गाभाऱ्याआधीच्या दालनात, बुद्ध स्वर्गातून उतरतो त्या प्रसंगात, भक्तांच्या गर्दीत तेच वेष, त्याच टोप्या आहेत. इथे त्यांच्या हातात ना प्याला ना नजराणा. ते ऐकायला आलेत. वेष एक असून माणूस कुठे बसवलाय आणि हात काय करताहेत, यावर सगळं बदलतं. मुलांच्या वहीत मी म्हणूनच चेहऱ्याआधी हात काढून घेते.

टोपीची खूण पुढेही टिकली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात, इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे: टोपीकर. रंगाचंही तसंच. इथला गेरू, पिवळी माती, काजळी आसपासची. तो गडद निळा मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्द नावाच्या दगडाचा. टोपीवाल्यांची चित्रं बघताना तो निळाही शोधा. तोही लांबून आलेला आहे.

अजिंठ्यात परका दिसतो, पण बोलत नाही. त्याचं बोलणं वाचायचं तर महिन्याभरात कार्ल्याला जा. चैत्यगृह पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतर जा, ऊन आत येतं. ही लेणी अजिंठ्याच्या या चित्रांपेक्षा काही शतकं जुनी. खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात दात्यांची नावं आहेत आणि त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक. हा शब्द मुसलमानांसाठी फार पुढे वापरला गेला. एक लेख असा: 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं.' धेनुकाकटाचा यवन सिहधय याने दिलेला खांब. जुन्नरला यवन इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली आहेत. नाशिकच्या लेण्यात उत्तरेकडून आलेला योनक, म्हणजे यवनच, इंद्राग्निदत्त वडिलांचं नाव सांगतो, धर्मदेव.

सिहधयाचा खांब शोधायला वेळ लागेल. तिथल्या माणसाला विचारा. शेजारच्या खांबांवर इथल्या दात्यांचे लेख आहेत, तेही बघा: तीच लिपी, तीच भाषा, तेच 'थंभो दानं'. अक्षरांना हात लावू नका, बाजूने तिरका उजेड पडू द्या आणि वहीत जशीच्या तशी उतरून घ्या. घरी आल्यावर तो आदल्या दिवशीचा कागद शेजारी ठेवून पुन्हा एक परका माणूस काढा. या वेळी चेहऱ्यापासून सुरुवात करा.