दूरच्या सर्व्हरवर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलताना या चुका टाळा

रावेरच्या एका केळीच्या शीतगृहातला लिनक्स सर्व्हर मी जळगावहून सांभाळत असे. एकदा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा चढवण्यासाठी मी 'मॉडप्रोब' या साधनाला तो काढण्याची आज्ञा दिली आणि त्याच क्षणी एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करण्याची जोडणी, तुटली. ज्या कार्डावरून मी आत शिरलो होतो त्याचाच ड्रायव्हर गेल्यामुळे पुढची आज्ञा पोहोचवायला वाटच उरली नाही आणि रात्री गाडी काढून रावेर गाठावे लागले.

खानदेशात तालुक्याच्या गावांतले अनेक सर्व्हर असेच दुरून सांभाळले जातात, म्हणून ही चूक सर्वांत आधी टाळावी. काढण्याची आणि चढवण्याची आज्ञा एकाच स्क्रिप्टमध्ये लिहून ती 'टीमक्स'मधून (सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या टर्मिनलमधून) चालवावी, म्हणजे जोडणी तुटली तरी स्क्रिप्ट पुरी होते. हाताने दिलेला आयपी पत्ता ड्रायव्हरबरोबर पुसला जातो, म्हणून तो परत देण्याची ओळही तिच्यात असावी. त्याआधी 'शटडाउन'ला दहा मिनिटांनी रीस्टार्टची वेळ देऊन ठेवावी. काम साधले तर ती रद्द करता येते, नाहीतर सर्व्हर आपोआप पूर्वीच्या अवस्थेत उठतो. अर्थात डिस्कवरचे मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) किंवा सेटिंग बदलले असेल, तर हा आधार उरत नाही.

कार्ड कोणता ड्रायव्हर वापरते हे अंदाजाने ठरवू नये. 'ईथटूल' ही आज्ञा ते नेमके सांगते. रिअलटेकच्या काही कार्डांसाठी कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) 'आर८१६९' आणि कंपनीचा 'आर८१६८' असे दोन ड्रायव्हर असतात. एकाला ब्लॅकलिस्ट केले (न चढवायच्या यादीत टाकले) की झाले, असे अनेकांना वाटते. पण ब्लॅकलिस्टने फक्त आपोआप चढणे थांबते. कोणी नावाने मागितल्यास तो चढतोच. शिवाय इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू होताना आधी चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात, जुनी सेटिंग राहते, त्यामुळे डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस' आणि रेड हॅटच्या कुळात 'ड्रॅकट' चालवल्याशिवाय हा बदल पूर्ण झाला असे मानू नये.

बाहेरून आणलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस हे साधन ते काम आपोआप करते, मात्र त्या कर्नलचे हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइली) बसवलेले हवेत, आणि सिक्युअर बूट (मान्य सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर मान्य सहीही हवी. कर्नल अपडेटनंतर रीस्टार्ट करण्यापूर्वी डीकेएमएसची स्थिती पाहावी. नव्या कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल, तर रीस्टार्ट करू नये.